घरी बांधलेलं सुतारकामाचं टेबल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

टेबल बांधून झालं त्या संध्याकाळी मी त्याच्या एका कोपऱ्यात पेन्सिल उभी करून ठेवली आणि दुसऱ्या टोकाला फळी लावून रंधा मारायला घेतला. तिसऱ्याच हाताला पेन्सिल आडवी. आज नऊ महिन्यांनी त्याच फळीवर तसाच जोर लावून रंधा मारला, तरी पेन्सिल जागची हलत नाही. मधल्या काळात या टेबलात मी जे जे बदललं, ते सगळं त्या पेन्सिलीसाठीच होतं म्हणा ना. टेबल देखणं आहे का, त्याला खण किती, हत्यारं टांगायची सोय कशी, हे सगळं नंतरचं. हलणाऱ्या टेबलावर चांगला रंधाही बोथट वाटतो. हाताचा अर्धा जोर लाकूड कापण्याऐवजी टेबल हलवण्यातच जातो.

माप आधी सांगतो. लांबी ५ फूट, रुंदी २ फूट. पाय ३ इंच चौरस भरीव लाकडाचे, वर १८ मिमी प्लायवूडचे दोन थर. दोन्ही बाजूंच्या चौकटी कुसू आणि खाच करून (एका लाकडाचं टोक निमुळतं करून दुसऱ्याच्या खाचेत बसवून) गोंदाने कायमच्या जोडल्या आहेत. लांबीच्या आडव्या पट्ट्या मात्र १० मिमीच्या बोल्टवर आहेत, म्हणजे घर बदलायची वेळ आली तर टेबल सुटं करून दारातून नेता येईल.

पहिली चूक वरच्या फळीत झाली. प्लायचे दोन थर मी नुसते स्क्रूने एकमेकांवर आवळले होते. गोंद लावला की परत सोडवता येणार नाही, अशी धास्ती होती. मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) घाव मध्यावर बसला की फळी खाली जाऊन वर उसळायची, आणि पटाशी (लाकूड कोरायचं सपाट धारेचं हत्यार) लाकडात शिरण्याऐवजी हातात झिणझिण्या यायच्या. कारण सरळ आहे. जाडी दुप्पट झाली की फळीचा ताठपणा आठपट होतो, पण दोन्ही थर एकजीव असतील तरच. नुसते एकावर एक ठेवलेले थर वाकताना एकमेकांवर घसरतात, मग ताठपणा जेमतेम दुप्पट भरतो. महिन्याभराने सगळे स्क्रू काढले, पूर्ण पृष्ठभागावर गोंद पसरला, मिळतील तेवढे क्लॅम्प लावले आणि मधल्या भागावर जड वजनं ठेवून रात्रभर तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी पहिला घाव घातला तेव्हा आवाजच वेगळा आला. आधी डबा वाजवल्यासारखा वाजायचा, आता ठोकळ्यावर मारल्यासारखा भरीव.

तरी पेन्सिल पडतच होती, कारण आता डुगडुगत होती ती खालची चौकट. चौकट कितीही जाड लाकडाची करा, चार कोपरे असले की ती लांबीच्या दिशेने झुकायला बघते, आणि रंध्याचा जोरही नेमका त्याच दिशेला असतो. त्रिकोणाला असं झुकता येत नाही. तिरपी पट्टी मारली असती तरी चाललं असतं, पण मी मागच्या दोन पायांमध्ये १२ मिमी प्लायचा अखंड पडदा गोंद आणि स्क्रूने बसवला. बसवण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले तर अर्ध्या इंचाचा फरक निघाला. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) एकेका कोपऱ्याला लावून पाहिला होता तेव्हा सगळं ठीक वाटलं होतं. कर्ण सारखे येईपर्यंत चौकट ओढून घेतली, मगच पडदा ठोकला. या एका पडद्याने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच पडला नाही. खालच्या फळीवर हत्यारांच्या पेट्या आणि लाकडाचे जड तुकडे ठेवले, त्या वजनाने टेबलाचं सरकणंही थांबलं. पायांखाली आधी जाड, मऊ रबर लावलं होतं. त्यावर टेबल झुलायचं, म्हणून ते काढून पातळ, कडक रबर लावलं.

उंचीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मला शरीराने शिकवलं. मी ३६ इंच धरली होती. उभं राहून बघताना छान वाटली. दोन आठवड्यांत उजवा खांदा भरून यायला लागला, कारण उंच टेबलावर रंधा मारताना अंगाचा भार वापरता येत नाही, सगळं काम दंडावर येतं. रंध्यासाठी जुना हिशेब असा: सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, तळवा जमिनीला समांतर करायचा. टेबल त्या तळव्याला टेकलं पाहिजे. माझ्यासाठी ते माप ३४ इंच निघालं.

पाय कापताना टेप लावून चारही पायांवर २ इंच मोजले नाहीत, ते बरं झालं, कारण जमीन सपाट नव्हती. टेबल त्याच्या नेहमीच्या जागेवर उभं केलं, पायांखाली पाचरी घालून दोन्ही दिशांनी पाणसळ (सपाटी तपासायचं साधन) लावली. मग २ इंच जाडीचा ठोकळा जमिनीवर ठेवला, त्यावर पेन्सिल आडवी धरली आणि ठोकळा सरकवत प्रत्येक पायाभोवती खूण फिरवली. खुणेवर करवत चालवली. चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे कापले गेले, दोन पायांत जवळजवळ दोन सुतांचा (पाव इंचाचा) फरक होता, पण टेबल चारही पायांवर एकदम टेकलं. त्या जागेवरून टेबल हलवलं की ते लंगडतं, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

बारीक कामाला मात्र ३४ इंच फार खाली पडतं. सांध्याची खूण करताना, बारीक करवत चालवताना कंबर वाकते. त्यासाठी ६ इंच उंचीचा एक भक्कम खोका बनवलाय, तो क्लॅम्पने टेबलावर पकडला की काम कोपराच्या जवळ येतं. आता माझं निम्मं काम त्या खोक्यावर होतं.

व्हाइस, म्हणजे लाकूड आवळून धरणारा जबडा, मी आधी पुढच्या कडेला मधोमध लावला होता. आवळला की फळी तिथेच दबायची. आता तो डाव्या पायाला चिकटून आहे (मी उजवा आहे), आणि ठोकण्याचा सगळा भार थेट पायातून जमिनीत जातो. लाकूड व्हाइसच्या एकाच बाजूला धरायचं असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालायला विसरू नका. नाहीतर जबडा तिरका होतो आणि पकड सुटते. टेबलाला ३/४ इंचाची भोकं पाडून त्यात लोखंडी होल्डफास्ट वापरतो, म्हणजे भोकात ठोकून लाकूड टेबलावर दाबून धरणारा वाकडा आकडा. ३६ मिमीच्या फळीत तो नीट पकडत नव्हता, मोगरीने ठोकला तरी सुटायचा. भोकांखाली कठीण लाकडाचे ठोकळे चिकटवले, मग भोकं त्यांच्यातूनही आरपार नेली. आता एका टोल्यात बसतो.

फळीखालचा खण काढून टाकला. क्लॅम्पचा जबडा घालायला त्याची अडचण व्हायची, आणि वरच्या भोकांतून भुसा पडून आतली हत्यारं भुशात बुडायची. याचं वाईट वाटलं, कारण खण बनवायला दोन रविवार गेले होते.

दिव्याचंही असंच. दिवा डोक्यामागे होता, त्यामुळे खुणेच्या रेषेवर माझीच सावली पडायची. आता एक दिवा बाजूने, अगदी खालून तिरपा येतो. त्या उजेडात रंध्याच्या पात्याची एकूण एक ओळ दिसते.

वर ६ मिमीचा हार्डबोर्ड स्क्रूने लावलाय आणि त्याला जवसाचं उकळलेलं तेल दिलंय. व्हार्निश दिलं नाही, त्यावर लाकूड घसरतं. तेलावर सांडलेला गोंद वाळल्यावर खरवडून निघतो. पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांची फार काळजी घ्या. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्या चुरगाळून ढिगात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मी त्या मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळवतो, मगच फेकतो.

देखभाल म्हणावी तर एवढीच: बोल्ट. पाय वाळतात तसं लाकूड जाडीला आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच, त्यामुळे नट सैल पडतात. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा आवळावे लागले, एकदा तर दीड फेरा फिरला. वॉशर मोठे घातल्यापासून लाकूड दबत नाही. दमट दिवसांत काही करावं लागलं नाही.

हार्डबोर्ड आता मधोमध पटाशीने बराच खरचटलाय, डाव्या बाजूला गोंदाचे डाग आहेत. पुढच्या आठवड्यात तो उलटवणार आहे. भोकांची रांग मधोमध नसल्याने उलटवल्यावर भोकं जुळणार नाहीत, म्हणून नवी भोकं पाडावी लागतील. त्यासाठी खालून टेकवायचा लाकडाचा तुकडा कापून ठेवलाय, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना कडा फाटणार नाहीत.