ट्रान्झियंट फिल्ड की टीडीपॅड?

नागपूरच्या एमएस्सीवाल्या पोरांचा नेहमीचा वाद, उत्तेजित न्यूक्लियसचा जी-फॅक्टर (स्पिनच्या मानानं त्याचा चुंबकपणा किती ते) मोजायचा तर कोणती पद्धत घ्यायची. आधी लाइफटाइम बघा नं राजेहो! नॅनोसेकंद-मायक्रोसेकंद टिकणारी उत्तेजित अवस्था, म्हणजे आयसोमर, असेल तर सरळ टीडीपॅड (टाइम डिफरेन्शियल पर्टर्ब्ड अँग्युलर डिस्ट्रिब्युशन), बाहेरून मॅग्नेट लावायचा, पल्स बीम मारायचा आणि गॅमा किरणांचे काउंट वेळेसोबत वरखाली होताना बघायचे; जी 0.4 आणि फिल्ड 1 टेस्ला धरलं तर न्यूक्लियसच्या स्पिनची पूर्ण गिरकी साधारण 330 नॅनोसेकंदाची, आणि काउंटची लाट त्याच्या निम्म्या वेळातच परत येते, ग्राफवर डोळ्यानं दिसते.

पिकोसेकंदवाल्या स्टेटला एवढा दम कुठं? तिथं ट्रान्झियंट फिल्डच. वेगातला आयन चुंबकीय केलेल्या लोखंडाच्या नाहीतर गॅडोलिनियमच्या पातळ फॉईलमधून जातो तेव्हा न्यूक्लियसला हजारो टेस्ला जाणवते, तरी कोन फिरतो काही मिलिरेडियनच, मग फॉईलचं चुंबकन उलटसुलट करत बसा काउंट घेत. वर त्या फिल्डची ताकद सरळ मोजता येत नाही, कॅलिब्रेशनवर भरवसा ठेवा, हेच मला खटकते. म्हणून आयसोमर मिळत असेल तर माझं मत टीडीपॅडलाच.

बीमसाठी मात्र दोन्हीला दिल्लीचं आययूएसी नाहीतर मुंबईचं टीआयएफआर, अशी अ‍ॅक्सिलरेटरवाली संस्था गाठावी लागते, संत्र्याची पेटी तेवढी सोबत न्या.