रुलेटची 'शुअर शॉट' सिस्टीम ४,९९९ ला घेतली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो मी काय मोठा जुगारी वगैरे नाहीये, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सेटर आहे, दिवाळीत घरात तीन पत्ती बसते तेवढंच आपलं, मटक्याला तर कधी हात पण लावला नाही कारण लहानपणी चुलत्यांचे हाल डोळ्याने बघितलेत. तरी पण रुलेटवर (कॅसिनोतलं आकड्यांचं फिरतं चाक, बॉल कुठल्या घरात पडतो त्यावर पैसे लावायचे) हमखास जिंकायच्या सिस्टीमची ही पीडीएफ घेतली. म्हणजे घेतली मेहुण्याने, पैसे निम्मे माझे. "दाजी, गोव्याला चाललोच आहे तर हॉटेलचा खर्च तरी काढू" असं म्हणाला आणि मी हो म्हणालो, चूक माझीच. टेलिग्रामवरच्या एका चॅनलवाल्याकडून घेतली, नाव लिहीत नाही, असे पन्नास आहेत नि सगळ्यांचा माल सारखाच.

तर माल काय मिळतो. ४२ पानांची पीडीएफ, त्यातली पहिली ९ पानं मोटिव्हेशन. श्रीमंत लोक कसा विचार करतात, डिसिप्लिन, माइंडसेट, समुद्रकिनाऱ्यावर गाडी. मराठी तर असलं की "चाक तुमचा मित्र आहे, चाकाचा आदर करा". मोबाइलने ट्रान्सलेट मारून तसंच चिकटवलंय. कव्हरवर चाकाचा फोटो आहे त्यात दोन झिरो दिसतात, म्हणजे अमेरिकन चाक, ३८ घरं. आत सगळं गणित मात्र लाल-काळा फिफ्टी फिफ्टी धरून. दोन झिरो सोडा एक झिरो असला तरी फिफ्टी फिफ्टी होत नाही ना भो, १८ लाल, १८ काळे आणि एक हिरवा झिरो, ३७ घरं. मी हे पैसे दिल्यावर बघितलं, ते पण लिहून ठेवतो.

मेन सिस्टीम म्हणजे जुनीच मार्टिंगेल. लालवर २०० लावा, आले तर २०० सुटले, गेले तर ४०० लावा, मग ८००, मग १६००, असं डबल करत जायचं, कधी ना कधी लाल येणारच, आलं की मागचं सगळं वसूल आणि वर २०० नफा. आपल्याकडे आकडा खेळणारे पण हेच करतात, हरले की दुसऱ्या दिवशी डबल. ऐकायला एकदम पक्कं वाटतं. दोन रात्री मला पण वाटलं.

निघायच्या आधी मी एक्सेलमधे करून बघितलं, शून्य ते ३६ रँडम आकडे, संध्याकाळी ३० डाव, डाव म्हणजे २०० जिंकेपर्यंतची एक साखळी, आणि सलग ७ वेळा हरलो की खिसा रिकामा, खेळ बंद. अशा हजार संध्याकाळी काढल्या. साडेसातशेच्या आसपास संध्याकाळी मस्त सहा हजार प्लस. मेहुणा नाचायलाच लागला, चारातल्या तीन वेळा जिंकतोय दाजी. मी म्हटलं थांब, उरलेल्या अडीचशेचं बघ. त्यात दरवेळी सरासरी साडेबावीस हजार गेलेले. एकीकडे ४५ लाख आले नि दुसरीकडे ५६ लाख गेले, हजार संध्याकाळी मिळून दहा लाखाच्या वर मायनस. तो म्हणे आपण काय हजार संध्याकाळी थोडीच खेळणारे, दोनच तर आहेत. ह्याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. सात वेळा सलग हरायचा चान्स एका डावाला १०६ मधे एक येतो, आणि १०६ म्हणजे लांब वाटतं हो.

मग गेलो. पुणे, कोल्हापूर, आंबोली असं गाडीने, मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात त्यातल्या एकीवर. एंट्रीच्या पॅकेजमधे जेवण, दारू आणि थोड्या वन टाइम प्लेच्या चिप्स असतात, त्या कॅश करता येत नाहीत, लावायच्याच. कॅसिनोवर जीएसटी २८ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय, आणि त्या ४२ पानांत टॅक्स हा शब्द एकदा पण नाही. जेवण चांगलं होतं. एसी मात्र असला की मेहुणा स्वेटर शोधत होता, नाशिकच्या थंडीचा माणूस.

आमच्या टेबलावर एकच झिरो होता, हे मुद्दाम बघून बसलो. लाल-काळ्यावर कमीत कमी २००, जास्तीत जास्त २०,०००. पहिल्या रात्री दोन तासांत १३ डाव सुटले, २,६०० रुपये प्लस. एकदा पाचव्या पायरीपर्यंत गेलो होतो, ३,२०० लावताना माझे हात थरथरत होते आणि आलं की लाल! तो जो आनंद असतो ना, २०० रुपयासाठी ६,२०० रुपये जीव टांगणीला लावल्यावरचा, तो हिशोबात कुठेच बसत नाही. मेहुण्याने चिप्स हातात घेऊन बाहेर डेकवर फोटो काढला, चॅनलवाल्याला पाठवला, पाच स्टार, "सिस्टीम वर्क करते भावांनो".

दुसऱ्या रात्री काळा, काळा, काळा, काळा, काळा, झिरो, काळा. सात. २०० पासून १२,८०० पर्यंत सगळं मिळून २५,४०० गेले. आठव्याला २५,६०० लावायचे तर टेबलची लिमिट वीस हजार, डीलर मुलीने बोर्डकडे नुसतं बोट दाखवलं. खरं तर लिमिट नसती तरी तेवढे होते कुणाकडे. मेहुणा म्हणतोय "दाजी, आता लाल यायलाच पाहिजे, वीसच लावू", आणि मी त्याची कॉलर धरून त्याला उठवलं. पुढचा कोणता रंग आला ते बघितलं पण नाही, बघायचंच नव्हतं मला.

"आता यायलाच पाहिजे" ह्याच्यावर एक जुना किस्सा आहे तो सांगतोच. १८ ऑगस्ट १९१३, मॉन्टे कार्लोचा कॅसिनो, एका टेबलावर सलग २६ वेळा काळा आला. पंधराव्या-सोळाव्यापासून लोक तुटून पडले लालवर, आता तर येणारच म्हणून, आणि कॅसिनोने लाखो फ्रँक गोळा केले. चाकाला आठवणच नसते मागच्या फेरीची. मग कॅसिनोवाले शेवटचे आकडे दाखवणारा तो चमकता बोर्ड फुकट कशाला लावतात टेबलाशेजारी? मला बघताना चुलत्यांची मटक्याच्या चार्टची वही आठवली, तेच गोल, त्याच रेघा, तोच "पॅटर्न".

पीडीएफमधे बाकीच्या सिस्टीम पण आहेत, बोनस म्हणून. घरी येऊन त्या सगळ्या एक्सेलमधे घातल्या, आता पैसे भरलेच होते म्हणून. दालांबेर म्हणजे हरलं की एक युनिट (आपण ठरवलेली रक्कम, आमची २०० होती तशी) वाढवा, जिंकलं की एक कमी करा, ही त्यातल्या त्यात सभ्य, हळूहळू रक्त पिते. नाव १८व्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाचं आहे, बिचारा. फिबोनाची म्हणजे १, १, २, ३, ५, ८ अशा पायऱ्या, हरलं की पुढे, जिंकलं की दोन मागे, मार्टिंगेलपेक्षा चढ कमी पण खड्डा तोच, आणि वरून डोक्यात मोजत बसायचं. लाबुशेर सगळ्यात मजेशीर आहे, कागदावर १-२-३-४ लिहायचं, दोन्ही टोकांची बेरीज लावायची, जिंकलं की टोकं खोडायची, हरलं की ती बेरीज शेवटी लिहायची. कारखान्यातला पेंडिंग ऑर्डरचा कागद असतो तसा तो कागद लांबतच जातो. माझा एकदा १९ आकड्यांचा झाला होता. पारोली उलटी, जिंकल्यावर डबल, सलग तीन जिंकले की सात युनिट घेऊन परत एकपासून सुरू. तीन सलग यायचा चान्स साडेअकरा टक्के. हिच्यात निदान आपलं घर विकायला लागत नाही, मनोरंजनासाठी खेळणारच असाल तर ही खेळा, मी हिला दोन स्टार देईन.

पण मूळ मुद्दा असा आहे की कोणतीही लावा, झिरो तिथेच आहे. एका आकड्यावर लावले आणि लागला तर ३५ पट देतात, घरं ३७ आहेत, फेअर असतं तर ३६ पट द्यायला पाहिजे होते. ती जी एक पट खातात ना तोच सगळा धंदा, २.७ टक्के. दोन झिरोच्या चाकावर ५.२६. लाल लावा, बारा आकड्यांचा डझन लावा, चार आकड्यांचा कोपरा लावा, एक झिरोच्या टेबलावर सगळीकडे तेच २.७. आमच्या भाषेत सांगायचं तर जॉबचं होल ऑफसेटमधेच चुकलंय, म्हणजे मशीनला जागाच चुकीची दिलीय, आता तुम्ही मायक्रोमीटरने मोजा नाहीतर व्हर्नियरने मोजा, आधी मोजा नाहीतर नंतर मोजा, जॉब रिजेक्टच आहे. सिस्टीम फक्त एवढंच ठरवते की तोटा रोज थोडा थोडा जाणार का महिन्याने एकदम.

खरं जिंकलेले लोक आहेत इतिहासात, नाही असं नाही, पण त्यांनी पैसे लावायची पद्धत नाही बदलली, त्यांनी मशीन तपासलं. १९व्या शतकात जोसेफ जॅगर नावाचा यॉर्कशायरचा माणूस, कापड गिरण्यांच्या धंद्यातला, त्याला फिरत्या मशीनची नस माहिती. त्याने मॉन्टे कार्लोत माणसं लावून चाकांचे आकडे लिहून घेतले आणि एक चाक वाकडं चालतंय, काही आकडे जास्त देतंय हे पकडलं. हे वाचून मला एवढं भारी वाटलं की काय सांगू, आपण पण रोज तेच करतो, डायल लावतो, रनआउट म्हणजे फिरताना किती डगमगतंय ते बघतो. आणि १९६१ मधे थॉर्प आणि शॅनन ह्या दोन अमेरिकन गणितज्ञांनी कॉम्प्युटर अंगावर लपवून नेला, बुटातल्या बटणाने चाकाचा नि बॉलचा वेळ मोजायचा, बॉल कुठल्या भागात पडेल त्याचा अंदाज कानात सुराने ऐकू यायचा. लास वेगासला जाऊन ट्राय पण केलं, वायरी तुटायच्या. अशी मेहनत असेल तर मी पाच हजार काय दहा देईन. ह्या पीडीएफमधे चाक तपासायचं एक अक्षर नाही. आणि आता कॅसिनोवाले स्वतःच आकड्यांवर नजर ठेवतात, चाक जरा संशयास्पद वाटलं की काढून बाजूला, आमचं क्यूसी म्हणजे माल तपासणारं खातं एवढं जागं असतं तर.

सर्व्हिसबद्दल. हरल्यावर चॅनलवाल्याला मेसेज केला, सभ्य भाषेत, की दादा असं असं झालं. उत्तर आलं, "तुम्ही डिसिप्लिन पाळलं नाही, तुम्हाला प्रीमियम प्लॅन लागेल, ११,९९९". मी विचारलं सात वेळा सलग हरल्यावर डिसिप्लिन म्हणजे नेमकं काय करायचं होतं, तर ब्लॉक. रिफंडचा विषयच नाही. त्याआधी एका ॲपची लिंक पण पाठवली होती, घरबसल्या खेळा म्हणून. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोचा १९७६ चा कायदा होता तो कधी लागूच केला नाही नि २०२३ मधे रद्द पण झाला, तरी ह्याच्या लिंक चालूच. मला तर वाटतं खरी कमाई त्या लिंकवरच असणार, पीडीएफ म्हणजे नुसतं गळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण मी पण घ्यायच्या आधी रिव्ह्यूच वाचले होते आणि शेकड्याने पाच स्टार होते. मी समजत होतो ते खोटे असतील तर कळतील. भाऊ ते खोटे नाहीतच! एक्सेलचं आठवा, चारातले तीन जण पहिल्या संध्याकाळी खरोखर जिंकून येतात, खूश असतात, फोटो टाकतात. चौथा जो असतो तो काही लिहीत नाही, लाज वाटते, घरी माहिती नसतं, ग्रुप सोडून जातो. लिहिलंच तर मेसेज डिलीट आणि ब्लॉक. म्हणून मी इथे लिहितोय.

आमच्या मंडळींना मी गोव्याहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती नोट प्रेसजवळ राहिलेली, नाशिकरोडची, एवढंच म्हणाली की आमच्या शेजारी दिवसभर नोटा छापायचे, ते सुद्धा पगारावरच जगायचे. मग दोन दिवस भाजीत मीठ कमी.

तर स्टार एक, ते पण कमीत कमी एक द्यावाच लागतो म्हणून.

आणि हो, मेहुण्याने आपला फोटो काढून टाका म्हणून तीनदा सांगितलं दुसऱ्या नंबरवरून. अजून तिथेच आहे, वरती पिन केलेला, हातात चिप्स, मागे मांडवीचे लाइट, नि खाली लिहिलंय "नाशिकहून आणखी एक समाधानी कस्टमर".