माझ्याच रिसीव्हरमधलं सेटिंग मला साडेआठ हजारांना विकलं

मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला, त्यामुळे होम थिएटरचा ७.१ रिसीव्हर (सात स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा) असूनही मागचे दोन स्पीकर लावायला जागाच नाही. ते दोन चॅनेल रिकामेच. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात केबल घेताना हे बोलून गेलो, आणि तिथेच फसलो.

"काका, दोन अँप्लिफायर फुकट पडलेत. फ्रंटला जोडू, पॉवर डबल! फक्त आत बाय-अँप कार्ड टाकावं लागेल." बाय-अँप म्हणजे एकाच स्पीकरच्या वरच्या-खालच्या भागांना वेगवेगळे अँप.

दोन दिवस रिसीव्हर त्याच्याकडे. कार्ड आणि केबल मिळून साडेआठ हजार, रोख. "बिल घेतलंत तर जीएसटी लागेल," म्हणाला, आणि मीही मान डोलावली. स्क्रूवर कागदी सील, तोडलं तर वॉरंटी जाणार.

आवाजात फरक पडला का? पहिले चार दिवस मला पडल्यासारखा वाटला. पैसे मोजले की कान साथ देतात. पाचव्या दिवशी आवाज जरा वाढवला तर रिसीव्हर बंद, स्क्रीनवर 'प्रोटेक्ट', म्हणजे स्वतःला वाचवायला बंद झाला.

भाचा आला, त्याने आधी मेन्यू उघडला. 'अँप असाइन'मध्ये 'सराउंड बॅक' (मागचे स्पीकर), 'झोन २' (दुसरी खोली), 'बाय-अँप' असे पर्याय. हे कंपनीनेच दिलेलं, मॅन्युअलमध्येही छापलेलं. कार्ड वगैरे काही नसतंच. सील तर धुळीवरच चिकटवलं होतं, कडेने उचललं गेलेलं. डबा उघडलाच नव्हता.

शिवाय दोन्ही चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर, मग पॉवर डबल कुठून येणार? आणि खरंच दुप्पट झाली तरी फरक ३ डेसिबलचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते.

खरा धोका स्पीकरच्या पाठीमागे होता. वरच्या-खालच्या टर्मिनलना जोडणाऱ्या सोनेरी पट्ट्या बाय-अँप करताना काढायच्याच असतात, नाहीतर दोन अँपचे आउटपुट एकमेकांना भिडतात. दुकानदाराने त्या तशाच ठेवल्या होत्या. रिसीव्हर वाचला हे नशीब.

दुकानदार आता फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा.

भाच्याने ते चॅनेल 'झोन २'ला लावले. जुने छोटे स्पीकर स्वयंपाकघरात गेले, बायको पोळ्या लाटताना एफएम ऐकते. पाच मिनिटांचं काम, चहावर झालं.