थंडीत कारंजं: झाकून ठेवावं की चालू ठेवावं?

तुळशीचं लग्न लागलं, सकाळच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववेना झाला, की अंगणात कारंजं असणाऱ्या नाशिककराला एकच प्रश्न पडतो. पाणी उपसून, पंप उचलून, वर ताडपत्री बांधून थेट होळीलाच उघडावं, की थोडी काळजी घेऊन चालूच ठेवावं? मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्ही मतांची माणसं आमच्याच गल्लीत राहतात आणि दोघांचंही काही ना काही खरं आहे.

इंटरनेटवर मिळणारे बहुतेक सल्ले बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि सिमेंटचा हौद, भाजक्या मातीची वाटी, दगडी सांधा, जे आडवं येईल ते फोडतं. नळीत राहिलेलं थोडंसं पाणीही पंपाचं कवच तडकवू शकतं. तिथल्या माणसाला निवड करायला फारशी जागाच नसते. आपली थंडी बोचरी खरी. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत वाचायला मिळते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जातात. कडाक्याच्या लाटेत त्या बाजूच्या मळ्यांत पानांवरचं दवही गोठतं. पण फूटभर खोल हौदातलं पाणी रात्रीतून गोठून हौद फुटला, असं मी तरी इथे कुणाकडे पाहिलेलं नाही. दुपारी ऊन तापतं, तेव्हा सकाळी स्वेटर घातला होता हेही आठवत नाही. तेव्हा गोठण्याची भीती मनातून काढून टाका. झाकायचंच तर दुसऱ्या कारणांसाठी झाका.

आणि ती कारणं आहेत. सगळ्यात मोठं म्हणजे पानगळ. गुलमोहराखाली कारंजं असेल तर विषयच संपला. त्याची ती तांदळाएवढी पानं कुठल्याही जाळीतून आत जातात आणि पंपाच्या तोंडाशी गोळा होऊन बसतात. बदामाची पानं मोठी, हाताने उचलता येतात, पण दोन दिवस पाण्यात राहिली की पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि संगमरवरावर डाग उमटतो. ताडपत्री बांधली की ही कटकट मिटते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी बाहेर बसतंय कोण? आमच्या आईचं म्हणणं, गारठ्यात त्या पाण्याचा आवाज ऐकूनच हुडहुडी भरते. वारा असला की तुषार व्हरांड्यापर्यंत येतात आणि शहाबादी फरशी ओली राहून निसरडी होते. सुट्टीत पंधरा दिवस गावी जाणाऱ्यांना तर चालू कारंज्याची चिंता नकोच असते.

डासांचा मुद्दा दोन्हीकडचे आपापल्या सोयीने सांगतात. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून तर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. कोरडा हौद सुरक्षित, हे खरं. पण त्या डासाची अंडी हौदाच्या भिंतीला चिकटून कोरडी असताना महिनोन् महिने टिकतात आणि पाणी भरलं की उबतात, त्यामुळे नुसतं उपसून भागत नाही, काठ ब्रशने घासावे लागतात. वाहत्या, हलत्या पाण्यात अंडी घालणं त्याला जमत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिसरा प्रकार: पंप बंद, हौद भरलेला. बऱ्याच घरांत आळसापोटी हेच होतं. झाका किंवा चालवा, असं अर्धवट मात्र ठेवू नका.

इथवर बघितलं तर पारडं झाकण्याकडेच झुकतंय असं वाटेल. मीही ते रीतसर केलं होतं. पाणी उपसलं, हौद धुतला, पंप पुसून, कोरडा करून पिशवीत बांधला आणि माळ्यावर ठेवला. होळीच्या सुमाराला पंप हौदात बसवला, पाणी भरलं, बटण दाबलं. पंप नुसता घुंऽऽ करत राहिला. एक थेंब वर आला नाही.

ज्याच्याकडे बोअरचं पाणी आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या काळ्या कातळातल्या पाण्यात क्षार भरपूर असतात. पंप पाण्याखाली असतो तोवर ते फिरकीवर पातळ, मऊ थरासारखे असतात आणि फिरकी फिरत राहिल्याने घट्ट बसत नाहीत. पंप वाळला की शेवटच्या थेंबातलं पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहून दगड होतात. फिरकी आणि तिच्या भोवतालची पोकळी यांच्यात अंतर असतं ते केसाएवढं. तेवढं भरलं की मोटर जोर लावते, फिरकी हलत नाही, मोटर तापते. नोझलच्या बारीक भोकांचंही तेच. सुईने टोकरत बसलो, तरी काही धारा सरळ आल्याच नाहीत, बाजूला फाकत राहिल्या. रात्रभर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवल्यावर पंप सुटला खरा, पण त्याचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. दुकानात विचारलं तर एवढ्या छोट्या पंपाची फिरकी वेगळी मिळत नाही, नवा पंपच घ्या म्हणाले. दुरुस्तीवाला बोलवावा तर त्या दिवसांत त्याच्या दारात कूलरांची रांग. या एका घुंऽऽने माझा कौल लागला. वर्षभर बुजवून ठेवायचं आणि रंगपंचमीला उघडायचं, हे आपल्या रहाडींना, म्हणजे नाशिकच्या रंगपंचमीच्या जुन्या हौदांना शोभतं. त्यांना पंप नसतो.

हौदाचंही थोडंसं तसंच. विटांच्या आणि सिमेंटच्या गिलाव्याच्या हौदाला कोरडं ठेवलं तर पहाटेच्या गारठ्यात आणि दुपारच्या उन्हात तो आकुंचन-प्रसरण पावत राहतो. गवंडी लोक टाकी कोरडी टाकू नका म्हणतात ते यासाठीच. माझ्या हौदाला केसासारख्या भेगा त्याच उन्हाळ्यात दिसल्या. त्या झाकण्यामुळेच पडल्या असं छातीठोकपणे म्हणणार नाही, हौद जुना आहे. फायबरच्या किंवा एकसंध दगडाच्या कारंज्याला ही अडचण नसावी.

आता चालू ठेवण्याचं. यात फुकट काही मिळत नाही. हिवाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे पाणी वाटतं त्याहून लवकर उडतं. पातळी खाली गेली आणि पंप हवा ओढायला लागला की तो जळण्याची शक्यता असते, म्हणून दोन-तीन दिवसांनी बादलीभर भर घालावी लागते. नुसती भर घालत राहिलात तर क्षार साठत जातात, कारण वाफ होऊन जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून अधूनमधून निम्मं पाणी झाडांना घालून नवं भरायचं. जमलं तर भर नळाच्या पाण्याची घालावी. गंगापूर धरणाचं पाणी आमच्या बोअरपेक्षा कितीतरी मऊ आहे, हे हौदाच्या काठावरची पांढरी रेघ बघूनच कळतं.

मी टायमर लावून सकाळी दहा ते दुपारी चार एवढंच चालवतो. धार निम्म्यावर आणतो, म्हणजे वाऱ्यावर तुषार जात नाहीत आणि पाणीही कमी उडतं. रात्री बंद, त्यामुळे आईचीही तक्रार नाही. विजेचं म्हणाल तर १८ वॅटचा पंप सहा तास चालला तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आतच बसतो, त्यामुळे बिलाचा मुद्दा मी धरतच नाही. पंपाला जुन्या नायलॉन मोज्याची पिशवी चढवली की गुलमोहराची पानं बरीचशी बाहेर राहतात. मोजा मात्र आठवड्याला धुवावा लागतो आणि गार पाण्यात हात घालणं हे काही सुखाचं काम नाही. हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नको.

एक फायदा मी धरलाच नव्हता. दुपारच्या वाहत्या पाण्यावर पक्षी येतात. बुलबुल आणि सातभाई तर असतातच, पण थंडीत शेपटी हलवत काठावर फिरणारा धोबीही येतो. नांदूर मध्यमेश्वरला जाऊन दुर्बीण लावण्याची मजा वेगळी, पण खुर्ची उन्हात टाकून बसल्या जागी एवढं दिसलं तरी मला पुरतं. पक्षी पाणी पितात म्हणून शेवाळासाठी त्यात काही टाकत नाही. एखादा बागाईतदार मित्र मोरचूद टाका म्हणेल. त्याच्या बागेत ते ठीक, पण हौदात मासे असतील तर मरतील. थंडीत शेवाळ तसंही मंद वाढतं, घासून निघतं.

गप्पी मासे किंवा कमळ असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, पाणी ठेवावंच लागणार. गप्पींना फार गार पाणी सोसत नाही, ते सुस्तावून तळाला बसतात. हौद उथळ असेल तर थंडीच्या लाटेत त्यांना घरात बादलीत आणलेलं बरं.

तरी झाकणं कुणाला सोयीचं? घर महिनाभर बंद राहणार असेल, कारंजं थेट गुलमोहराखाली असेल, किंवा ते हलकं, उचलून आत ठेवता येण्याजोगं असेल, तर मी आग्रह धरणार नाही. मात्र पंप कोरडा ठेवू नका. बर्फाळ देशांतल्या सल्ल्यांमध्ये एक गोष्ट असते ती आपल्यालाही लागू पडते: पंप घरात आणून पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायचा. ते लोक सील वाळू नयेत म्हणून सांगतात, आपल्याला क्षारांसाठीही ते उपयोगी आहे. पाणी शक्यतो नळाचं किंवा आरओचं घ्या, बादलीला झाकण लावा आणि घरी असाल तर पंधरवड्याने पाच मिनिटं पंप त्याच बादलीत चालवा. ताडपत्री बांधताना मध्ये काठी उभी करून तिला उतार द्या. नाहीतर मध्ये खळगा पडतो, त्यात पाणी साचतं आणि डासांची सोय होते.

क्षार काढायला सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर चालतं, पण फक्त पंपाला आणि नोझलला, तेही बाहेर काढून. संगमरवराच्या वाटीवर ते कधीही ओतू नका. संगमरवर आणि पांढरा थर एकाच जातीचे, ॲसिड दोघांनाही सारखंच खातं आणि पॉलिश गेलेली वाटी नव्याने पॉलिश करून घेतल्याशिवाय चकचकीत होत नाही. तिथे ओलं फडकं आणि मऊ ब्रश एवढंच वापरायचं.