एसईलिनक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

एसईलिनक्स ही लिनक्समधली सुरक्षाव्यवस्था फाइलींवरच्या आणि प्रक्रियांवरच्या लेबलांनुसार कोणाला काय करू द्यायचे ते ठरवते. वेब सर्व्हरवर ती ‘एनफोर्सिंग’ स्थितीत, म्हणजे नियमबाह्य कृती खरोखर अडवणाऱ्या स्थितीत, ठेवून मला आठ महिने झाले. त्याआधी नवा सर्व्हर हाती आला की पहिल्यांदा तीच बंद करून मी मोकळा होत असे.

पहिल्याच आठवड्यात साइटवर ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संदेश) दिसू लागला. फाइलींची मालकी बरोबर होती, परवानग्या ६४४ (सर्वांना वाचता येईल अशा) होत्या, अपाचे या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्येही खोट नव्हती. तरी पान उघडेना. फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ला मोठ्या झेडचा पर्याय जोडून पाहिले तेव्हा त्या फाइलींवर वेबच्या मजकुराऐवजी होम डिरेक्टरीचे लेबल आढळले. मी त्या तिथूनच ‘एमव्ही’ने हलवल्या होत्या, आणि एमव्ही फाइलीबरोबर तिचे जुने लेबलही नेते, साध्या ‘सीपी’ने केलेली नवी प्रत सहसा मुक्कामाच्या डिरेक्टरीचे लेबल घेते. धोरणाप्रमाणे योग्य लेबल परत लावणारी ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा एकदा चालवताच साइट सुरू झाली.

दुसरी चूक अधिक महागात पडली. अपलोडच्या डिरेक्टरीत सर्व्हरला लिहिता यावे म्हणून मी ‘सीएचकॉन’ने लेबल बदलले आणि काम झाले असे समजलो. तीन महिन्यांनी सगळ्या फाइलींना पुन्हा लेबले लावली, तेव्हा एसईलिनक्सच्या धोरणात (नियमसंचात) नोंद नसलेला तो बदल पुसला गेला आणि अपलोड बंद पडले. आता मी ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने मार्गाचा नियम आधी नोंदवतो आणि मगच रिस्टोअरकॉन चालवतो.

नकाराची कारणे ऑडिट लॉगमध्ये असतात. ‘एयूसर्च’ने एव्हीसीच्या, म्हणजे एसईलिनक्सने दिलेल्या नकारांच्या, नोंदी काढल्या की कोणत्या प्रक्रियेला कोणत्या लेबलाच्या फाइलीवर काय करू दिले नाही, हे एका ओळीत मिळते, ओळ किचकट खरी, पण सवयीने वाचता येते. नकारांच्या नोंदींवरून परवानगीचे नियम बनवणारे ‘ऑडिटटूअलाऊ’ मात्र मी जपून वापरतो, कारण चुकीचे लेबल दुरुस्त करण्याऐवजी ते त्या लेबलालाच वाट करून देणारा नियम सुचवू शकते. माझ्या त्या पहिल्या प्रकरणात वेब सर्व्हरला लोकांच्या होम डिरेक्टरीतल्या फाइली वाचायला मोकळीक मिळाली असती.

एक तक्रार अजून कायम आहे. काही नकार ‘डोन्टऑडिट’ (नोंद करू नका असे सांगणाऱ्या) नियमांमुळे लॉगमध्ये उमटतच नाहीत, आणि एकदा रिकामा लॉग पाहून दोष दुसरीकडे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला. धोरणाचे भाग सांभाळणाऱ्या ‘सेमॉड्यूल’ला मोठ्या डी आणि मोठ्या बीचे पर्याय देऊन ते नियम तात्पुरते बाजूला ठेवता येतात, हे मला त्या संध्याकाळी कळले.