उमेदवारांना आपोआप मेल पाठवणारं सॉफ्टवेअर: आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, बाबा आयसीयूत आहेत, आत्ता मुलाखत नको, असं मी कळवलं होतं ना? मग 'तुमचं उत्तर आलं नाही' असे दोन मेल कशाला पाठवले?" तिची माफी मागितली आणि तडक सॉफ्टवेअरचं सेटिंग उघडलं. 'उत्तर आल्यावर फॉलो-अप (म्हणजे आठवण करून देणारे पुढचे मेल) थांबवा' यावर टिक होतीच.

अंधेरी पूर्वेला आमचं तिघांचं भरतीचं ऑफिस आहे. जूनपासून हे सॉफ्टवेअर वापरतोय. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) यातलं काय चुकलंय ते एका पानावर लाल-हिरवं दिसतं, रोज किती मेल जातील ती मर्यादा हळूहळू वाढवता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतं, तो आकडाही समोर असतो. टाइम झोन मात्र आधी तपासा. आमचा न्यूयॉर्कचा होता, सकाळी ९ चे मेल इथे संध्याकाळी साडेसहाला जात होते.

पण ती टिक. सपोर्टवाल्यांनी तीन दिवस 'पुन्हा लॉगिन करा' यातच घालवले. एका ताऱ्याचा रिव्ह्यू मी लिहूनही ठेवला होता. चौथ्या दिवशी एकाने नीट पाहिलं. दिवाळीच्या रजांमुळे आम्ही 'रिप्लाय-टू'मध्ये (उत्तरं कुठे यावीत ते सांगणाऱ्या रकान्यात) ऑफिसचा सामायिक पत्ता टाकला होता. सॉफ्टवेअर उत्तर शोधतं ते फक्त त्याला जोडलेल्या मेलबॉक्समध्ये, आणि हा पत्ता जोडलेला नव्हता. मुलीचं उत्तर आमच्या सहकाऱ्याने वाचलंही होतं. सॉफ्टवेअरपर्यंत ते पोचलंच नाही.

म्हणजे अर्धी चूक आमची, म्हणून तो रिव्ह्यू खोडला. दिवाळीपासूनची यादी काढली तर उत्तर देऊनही फॉलो-अप गेलेली ४१ माणसं निघाली. सगळ्यांना एकेक करून माफीचा मेल लिहिला. नोकरी शोधणारा माणूस आधीच टेकीला आलेला असतो, त्याने वेळ काढून उत्तर द्यावं आणि आपण ते मिळालंच नाही म्हणावं, हे मला सहन होत नाही.

उरलेली अर्धी चूक त्यांची. न जोडलेला पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये टाकला की तिथेच एक ओळ दिसायला हवी: इथली उत्तरं आम्हाला दिसणार नाहीत. त्याऐवजी सपोर्टने सुचवलं, चौथा मेलबॉक्स विकत घ्या. म्हणजे दरमहा आणखी पैसे, वर १८ टक्के जीएसटी! घेतला नाही. 'रिप्लाय-टू' रिकामं केलं आणि तिघांच्या मेलबॉक्सवरून सामायिक पत्त्यावर फॉरवर्डिंग लावलं. फुकटात झालं. आमच्याच दुसऱ्या पत्त्यांवरून उत्तरं देऊन पाहिलं, फॉलो-अप लगेच थांबतात.

जूनमध्ये नूतनीकरण आहे. तोवर ती ओळ आली तर वर्षाचे पैसे एकदम भरेन. नाही आली तर महिन्याचेच.