पंप चोख, पण भागधारकांशी बोलणं पाचपैकी अडीच

सांगलीच्या बाजूला माझं पंप, मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. ज्या कंपनीबद्दल लिहितोय तिचे मोनोब्लॉक पंप (मोटार आणि पंप एकाच सांगाड्यात) मी चौदा वर्षं विकतोय आणि तिचे शेअर्स २०१८ पासून सांभाळतोय. नाव लिहीत नाही, कारण तिचा सेल्समन दर पंधरवड्याला माझ्याकडे चहा पितो. पंपाबद्दल तक्रार नाही. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, शेतकऱ्याला त्याहून जास्त काय पाहिजे? हा अभिप्राय फक्त कंपनी भागधारकांशी कशी वागते त्याबद्दल आहे.

आयपीओ, म्हणजे शेअर्सची पहिली जाहीर विक्री, आला तेव्हा कंपनी एसएमई बाजारात, म्हणजे शेअर बाजाराच्या छोट्या कंपन्यांसाठीच्या विभागात होती. तिथे सुटे शेअर मिळत नाहीत, अख्खा लॉट, म्हणजे ठरलेला गठ्ठा, घ्यावा लागतो. १६०० शेअर्स, ७८ रुपयांनी, म्हणजे सव्वा लाख एका दमात. घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता.

पण त्या काळातली सेवा मला आजही आठवते. एसएमईवर निकाल सहा महिन्यांनी एकदाच यायचे. कॉन्कॉल (निकालांनंतर साहेब लोक फोनवर गुंतवणूकदारांचे प्रश्न घेतात तो) नाही, प्रेझेंटेशन नाही. काही अडलं तर वार्षिक अहवालातल्या नंबरवर फोन करायचा. कंपनी सेक्रेटरी मॅडम स्वतः उचलायच्या आणि मराठीत सांगायच्या, "थांबा हं, अकाउंट्सला विचारून संध्याकाळी कळवते." संध्याकाळी फोन यायचा. २०१९ ची वार्षिक सभा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झाली. चाळीसेक माणसं, चहा आणि बटाटेवडा. (सभेत भेटवस्तू वाटायला कायद्याने मनाई आहे. वडा त्यात बसत नसावा, निदान आम्ही तसं धरून चाललो.) सभा संपल्यावर कंपनीच्या साहेबांनी आम्हाला फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात तिथे, नेलं. एका कोपऱ्यात कास्टिंगचा ढीग पडून होता. "हे का पडलंय?" असं मी विचारलं, तर प्रॉडक्शनवाल्याने सरळ सांगितलं, साचा चुकला, पुन्हा वितळवायला जाणार. त्या उत्तरावर मी बाजारातून आणखी एक लॉट घेतला.

२०२२ मध्ये कंपनी मुख्य बोर्डावर, म्हणजे शेअर बाजाराच्या मोठ्या विभागात गेली आणि भागधारकांशी बोलण्यासाठी मुंबईची एक एजन्सी नेमली गेली. तिथून ताल बिघडला.

आता दर तिमाहीला ४२ पानांचं प्रेझेंटेशन येतं. पहिल्या पानावर ड्रोनने काढलेला कारखाना. मग नकाशा, नकाशावर ठिपके, 'आमचं डीलर नेटवर्क'. सांगलीच्या ठिपक्यांत मी आहे आणि माझ्याच गल्लीतला एक दुकानदार आहे, ज्याने दोन वर्षांपूर्वी पंप बंद करून टाइल्स सुरू केल्या. सौरपंपांवर सहा पानं आहेत. केंद्राची पीएम-कुसुम, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना, बाजार किती मोठा, सगळं आहे. नाही ती एकच गोष्ट. राज्याच्या योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच, आणि बाकीचा पैसा सरकारी अनुदानातून येतो. तो हातात कधी पडतो, यावर पुरवठादाराचा श्वास चालतो. धंद्यातला कुणीही आधी हेच विचारेल. ४२ पानांत त्यावर एक ओळ नाही.

म्हणून कॉन्कॉलला बसलो. दुकानात गिऱ्हाईक, कानात इअरफोन. प्रश्नासाठी स्टार आणि एक दाबा म्हणाले, दाबलं. माझ्या आधी जे जे बोलले त्या सगळ्यांनी निकालांबद्दल अभिनंदन करून सुरुवात केली, तेही ज्या तिमाहीत नफा घटला होता तेव्हा. एकाने गिऱ्हाइकांकडे अडकलेल्या उधारीचं विचारलं. उत्तर आलं, "ते आपण ऑफलाइन घेऊ." माझा नंबर यायच्या आत 'शेवटचा प्रश्न' झाला. नियम मात्र पाळतात, हे मान्य करायला हवं. रेकॉर्डिंग चोवीस तासांत आणि लिखित प्रत पाच कामाच्या दिवसांत एक्स्चेंजवर टाकावी लागते, दोन्ही वेळेवर पडलं. प्रतीत उधारीच्या जागी कंसात लिहिलं होतं: 'आवाज अस्पष्ट'. मी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, आवाज खणखणीत आहे.

आता खरी गोष्ट. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सेल्समन आला. म्हणाला, "दादा, वीस पंप उचला, पैसे जूनमध्ये द्या." एरवी तीस दिवसांच्या वर एक दिवस देत नाहीत. मी आठ घेतले, शेजारच्या तालुक्यातल्याने तीस. मे महिन्यात निकाल लागले आणि कॉन्कॉलवर साहेब म्हणाले, ग्रामीण मागणी जोरदार आहे. साहेब, ती मागणी माझ्या गोदामात प्लॅस्टिक गुंडाळून उभी होती. एका डीलरवरून अख्ख्या कंपनीचं ठरवू नये, हे मलाही कळतं. पण विचारावं तर कुणाला?

उत्तर शेवटी वार्षिक अहवालात सापडलं. ड्रोनचे फोटो आणि अध्यक्षांचं पत्र सोडा, मागच्या टिपांकडे जा. २०२१ पासून कंपन्यांना उधारीचा वयवार तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्षभराची, मग एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची. आमच्या कंपनीची सहा महिने उलटलेली उधारी एका वर्षात दुपटीला टेकली होती. आम्ही दुकानदार हेच वहीत करतो, जुनी नावं लाल शाईने. म्हणजे जे सांगायची सक्ती आहे ते नीट छापलंय आणि जे आपणहून सांगायचं त्यावर नुसता रंग.

हा तक्ता घेऊन वार्षिक सभेला गेलो, म्हणजे फोन घेऊन माडीवर बसलो. २०२० पासून व्हिडिओवर सभा घेता येते आणि कंपनीने ती सवयच लावून घेतली. बोलायचं असेल तर आधी ईमेलने नाव नोंदवायचं, वाट्याला तीन मिनिटं. माझ्या आधी चार वक्ते होते. मी आणखी दोन कंपन्यांच्या सभा बघतो, तिथेही यांतले दोघे होते आणि कौतुकाचं वाक्यही तेच होतं, फक्त कंपनीचं नाव बदललेलं. माझा प्रश्न वाचून झाला. उत्तर: "आमची टीम आपल्याशी संपर्क साधेल." एकोणीस दिवसांनी ईमेल आला, "कृपया वार्षिक अहवाल पाहावा." अहो, तिथूनच तर विचारतोय!

दरम्यान बारीकसारीक ऑर्डरचीही प्रेसनोट निघते. बोनस शेअर्स झाले (असलेल्यांवर फुकट जादा), शेअरचं विभाजन झालं (एकाचे अनेक). यूट्यूबवाले दोघे कारखाना हिंडून गेले. छोट्या कंपन्यांनी असं चित्र रंगवून भाव चढवण्याबद्दल शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच ऑगस्ट २०२४ मध्ये गुंतवणूकदारांना सावध केलं होतं. आमची कंपनी त्यांतली आहे असं मी म्हणत नाही. पण कागद तसाच चकचकीत वाटायला लागला की माणूस बिचकतो.

एका बाबतीत पैकीच्या पैकी. बँकेचा आयएफएससी बदलला म्हणून माझा लाभांश अडकला, रजिस्ट्रारने (कंपनीसाठी भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) दाद दिली नाही. सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. कंपनीला एकवीस दिवसांची मुदत असते, मला नवव्या दिवशी पैसे मिळाले. मात्र ज्याने त्यासाठी फोन केला त्याला आमची फौंड्री कोणत्या गावात आहे हे ठाऊक नव्हतं.

नव्याने घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर गेल्या पाच वर्षांचे अहवाल फुकट आहेत. टिपांपासून वाचायला सुरुवात करा आणि प्रेझेंटेशन सर्वांत शेवटी उघडा. जमलं तर त्या कंपनीचा माल विकणाऱ्या एखाद्या दुकानात जाऊन मार्चमध्ये काय झालं ते विचारा. माझ्याकडे आलात तर चहा पाजीन.

फोन उचलणाऱ्या त्या सेक्रेटरी मॅडम मागच्या दिवाळीत नोकरी सोडून गेल्या. अर्धे शेअर्स मी काढले, अर्धे अजून आहेत. यंदाच्या सभेची नोटीस आली आहे, वक्ता म्हणून नाव नोंदवलंय. प्रश्न तोच आहे. आठांपैकी तीन पंपही अजून गोदामातच आहेत.